कोरी पट्टी सोडायची नाही

साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटं लागतात. आमच्या सोसायटीतल्या मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे दयेने बघतात. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये हजार गाणी असतात आणि ती कुठून आली हे त्यांनाही सांगता येत नाही. मी मात्र एकवीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून कॅसेटी भरल्या. लोक यादी आणायचे. त्यांना हवी ती गाणी आम्ही पाच-सहा कॅसेटींमधून वेचून एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. हे कायद्यात बसत नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं आणि यादी घेऊन येणाऱ्या वकिलांनाही माहीत होतं.

दुकान माझ्या मामाचं. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना काउंटरवर आणि मी आत, दोन टेपडेक, एक हेडफोन, स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन. नानांना पाट्या लिहायची फार हौस होती. ‘गाण्याचे नाव आठवत नसल्यास गुणगुणू नये’ ही त्यांची पाटी बघायला लांबून लोक यायचे आणि ती वाचूनही गुणगुणायचे. एका निवृत्त मास्तरांना गाण्यांच्या सुरुवातीचं फक्त वाजवणं हवं असायचं, गायला सुरुवात झाली की तोडायचं. म्हणायचे, “गाणारा तोंड उघडतो आणि सगळं बिघडतं.” त्यांच्या कॅसेटला मला चार दिवस लागले. नानांनी त्यांना विचारलं, “आपण लग्नाला जाता तेव्हा मंगलाष्टकांच्या आधीच परत येता का?”

नानांचा एक नियम मात्र पाटीवर नव्हता, तो माझ्यासाठी होता. कोरी पट्टी सोडायची नाही. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. यादीतली गाणी सत्तावीस मिनिटांत संपली तर उरलेली तीन मिनिटं मोकळी ठेवायची नाहीत. त्याच गायकाचं, तेवढ्या लांबीचं एखादं गाणं शोधून तिथे घालायचं. याला आम्ही ‘भर’ म्हणायचो. भर कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर लिहायची नाही, ती दुकानाकडून. नाना म्हणायचे, “गिऱ्हाईकाने साठ मिनिटं मागितली, साठ मिनिटं द्यायची. गाणं संपल्यावर नुसती सूं सूं ऐकायला तो आपल्याकडे आलेला नाही.” कुठल्या गाण्याची लांबी किती, हे मला सेकंदासकट पाठ झालं होतं. हात आपोआप त्या कॅसेटकडे जायचा. याचा मला अभिमान होता.

घरोघरी केबल आली, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि आमच्या याद्या इंग्रजीत येऊ लागल्या. त्यात एका गायिकेचं नाव सारखं असायचं. ते इथे सांगत नाही, तिला याचा काही पत्ता नाही. नाना तिला ‘ती नाचणारी बाई’ म्हणत. तिची गाणी म्हणजे ढोल बडवल्यासारखा ठेका आणि वर तिचा आवाज. तिच्या एका गाण्यावर तर त्या काळात पुण्यातल्या निम्म्या कॉलेजांची गॅदरिंगं पार पडली असतील. चार मिनिटं दहा सेकंद. मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण लांबी पक्की ठाऊक होती.

एका दुपारी नाना जेवायला गेले होते आणि मी काउंटरवर होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ आले. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर फक्त त्या गायिकेचं नाव होतं.

“हिची शांत गाणी मिळतील का?”

मी पुण्यात जन्मले, वाढले. त्यातून दुपारची वेळ. मी म्हटलं, “शांत गाणी हवीत तर या बाई कशाला? भावगीतं त्या कप्प्यात आहेत.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “मुलीला हीच आवडते. पण नाचाची नकोत. ती आता उठू शकत नाही.”

मला इतकी लाज वाटली की काही क्षण मी कप्प्यातल्या कॅसेटी उगाच सरळ करत राहिले. मग त्यांना स्टूल दिलं.

त्यांचं नाव वाघमारे. सरकारी कचेरीत अधीक्षक होते, राहायला कर्वेनगरला. मुलगी सुमेधा, एकुलती एक. इंजिनिअर झाली, सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं, बंगळूरला रुजू व्हायला आठ दिवस राहिले असताना तिच्या दुचाकीला ट्रकने मागून उडवलं. कमरेखालचं सगळं गेलं. याला वर्ष झालं होतं. वर्षभर तिने घरात एकही गाणं लावू दिलं नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा म्हणाली, बाबा, काहीतरी ऐकावंसं वाटतंय.

“एवढं म्हणाली ना, बाई,” वाघमारे साहेब म्हणाले, “तर आता ते वाया जायला नको. मला यातलं काही कळत नाही. पण नाचाचं एकही नको. ते ऐकलं तर ती पुन्हा मिटून बसेल.”

मी म्हटलं, “काळजी करू नका. मी स्वतः निवडते.”

आणि मी मनापासून निवडली. आमच्याकडे त्या गायिकेच्या सहा कॅसेटी होत्या. प्रत्येकीत एखाद-दुसरं संथ प्रेमगीत असायचं, बहुतेक दुसऱ्या बाजूच्या शेवटाला, जिथे नाचणारी मुलं पोचायचीच नाहीत. शब्द कळत नव्हते म्हणून मी नुसता आवाज ऐकला. ठेका काढून घेतल्यावर त्या बाईचा आवाज अगदी वेगळा होता, जरा थकलेला, जवळ बसून बोलल्यासारखा. मला तोवर वाटायचं, तिला गाता येत नाही. दोन दिवस खपून अकरा गाणी काढली. कार्डावर नावं जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिली. पहिली बाजू साडेएकोणतीस मिनिटं भरली. दुसऱ्या बाजूला पाच गाणी झाली आणि शेवटी साडेचार मिनिटं उरली.

पुढे काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. बाहेर गर्दी होती, नाना हाक मारत होते. अकरा गाणी नीट उतरल्याचं समाधान होतं. साडेचार मिनिटं कोरी दिसत होती. त्याच गायिकेचं, तेवढ्या लांबीचं. हात गेला, कॅसेट घातली, बटण दाबलं आणि मी बाहेर काउंटरवर गेले. चार मिनिटं दहा सेकंद.

वाघमारे साहेब आले, कार्ड वाचलं, दोनदा आभार मानले आणि कॅसेट छातीशी धरून घेऊन गेले.

चौथ्या दिवशी ते परत आले. काउंटरवर नाना होते. त्यांना ओलांडून ते थेट आतल्या दारापाशी आले.

“बाई, शेवटी काय भरलंत आपण?”

मला एकदम आठवलं.

“अकरा गाणी शांतपणे ऐकली तिने. मी शेजारी पेपर वाचत होतो. मधे एकदा तिने हात हलवला, छान आहे, म्हणून. मला वाटलं, सुटलो. आणि मग ते सुरू झालं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती ज्याच्यावर नाचली होती, तेच. मी उठून बंद करेपर्यंत अर्धं होऊन गेलं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं ते दोन दिवस वळवलं नाही. जेवली नाही.” त्यांचा आवाज चढला नाही. “मी मागितलं काय आणि आपण दिलंत काय?”

नाना मधे पडले. म्हणाले, “साहेब, तिची चूक नाही, दुकानाची पद्धत आहे. कोरी पट्टी आम्ही...”

“पद्धत,” वाघमारे साहेब म्हणाले, आणि निघून गेले.

रविवारी मी नानांना न सांगता कर्वेनगरला गेले. पत्ता बिलबुकात होता. तळमजल्याचं दोन खोल्यांचं घर. बैठकीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याखाली इंजिनिअरिंगच्या पदवीदान समारंभातला सुमेधाचा फोटो. वाघमारे साहेबांनी दार उघडलं, मला पाहून थांबले, मग बाजूला झाले. घरी आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं त्यांच्यात नव्हतं. “चहा ठेवतो,” म्हणाले आणि आत गेले. सुमेधाची आई भावाकडे लोणी काळभोरला गेली होती.

सुमेधा खिडकीजवळच्या पलंगावर होती. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. चूक माझी, सवयीने झालं, कॅसेट द्या, ते शेवटचं पुसून देते.

तिने माझ्याकडे बघून विचारलं,

“पुसलं की तिथे खरखर येते ना?”

“थोडी येते.”

“मग असू दे.”

“अगं, नवीन भरून देते.”

“असू दे, ताई.” मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून ती हळू आवाजात म्हणाली, “त्या गाण्याला आम्ही आठजणी होतो. मी मधे होते.”

तेवढ्यात वाघमारे साहेब चहा घेऊन आले आणि ती म्हणाली, “बाबा, माझा वॉकमन कुठाय? मोठ्याने नको, मी कानाला लावून ऐकत जाईन. आणि ताईंना बोलू नका आता. मुद्दाम नाही केलं त्यांनी.” तिने मोठ्या मनाने मला माफ केलं, असं समजून मी डोळे पुसत घरी आले.

त्यानंतर वाघमारे साहेब महिन्या-दोन महिन्यांतून दुकानात येऊ लागले. काही घ्यायचे नाहीत. वॉकमनला लागणारे सेल तेवढे आमच्याकडून न्यायचे, आणि खूप न्यायचे. मी विचारायची, “कशी आहे?” ते म्हणायचे, “शांत झालीय. दिवस दिवस कानाला लावून पडून असते. तुमची ती संथ गाणी, बाई. तीच. दुसरं काही नको म्हणते. शेवटचं लागायच्या आत बंद करत असेल.” एकदा जाता जाता म्हणाले, “त्या दिवशी मी जास्त बोललो.”

मधल्या काळात सीडी आल्या. आमच्याच बोळाच्या तोंडाशी एक पोरगेला माणूस कॉम्प्युटर घेऊन बसला आणि पाच मिनिटांत दीडशे गाणी भरून देऊ लागला. नाना त्याला ‘इडलीवाला’ म्हणायचे, एकदम घाणा काढतो म्हणून. आमच्या याद्या कमी झाल्या. त्याच सुमारास त्या गायिकेने आपल्या सगळ्या संथ प्रेमगीतांचा एक संग्रह काढला. मी पाठीवरची नावं वाचली आणि खुर्चीत बसले. चौदातली नऊ गाणी माझीच होती, म्हणजे मी सुमेधासाठी काढलेली. मी नानांना म्हटलं, “कंपनीने माझी यादी चोरली.” आठ दिवसांत कॉलेजची मुलं तो संग्रह परत करायला आली. “ताई, यात नाचायला एकपण नाहीये, टोटल बोअर आहे.” नानांनी त्यांना पाटी दाखवली, ‘विकलेली निराशा परत घेतली जाणार नाही’. ती पाटी त्यांनी त्याच सकाळी लिहिली होती.

एक प्रत मी सुमेधासाठी बाजूला ठेवली. वाघमारे साहेबांनी ती नेली. पुढच्या खेपेला म्हणाले, “कागदसुद्धा काढला नाही तिने. म्हणते, ताईंचीच बरी आहे.” मला खोटं सांगायचं नाही, त्या दिवशी मी फार खूश होते. एवढ्या मोठ्या बाईच्या संग्रहापेक्षा माझी कॅसेट सरस ठरली होती. घरी जाऊन मी गोडाचा शिरा केला.

नाना गेले त्यानंतर दीड वर्षाने आम्ही दुकान बंद करायचं ठरवलं. जागा मोबाइलवाल्याने घेतली होती. मी आतल्या खोलीत माल खोक्यांत भरत होते, तेव्हा वाघमारे साहेब आले. खूप वाळले होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट काउंटरवर ठेवली.

“सुमेधा गेली. तीन महिने झाले. मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं शेवटी हे होतंच.”

मी त्यांच्यासमोर उभी होते आणि मला बसायला काही नव्हतं.

“हिची एक प्रत करून द्या,” ते म्हणाले. “जुनी झालीय, कधी तुटेल सांगता येत नाही. ती काय ऐकत होती ते मला रोज थोडं थोडं ऐकायचंय. फक्त ते शेवटचं घालू नका.”

मी कॅसेट हातात घेतली. माझंच अक्षर, पुसट झालेलं. आत गेले, डेकला लावली, हेडफोन घातला. कॅसेटचं असं असतं की ती जिथे जास्त वाजते तिथे झिजते. पट्टीवरचा तपकिरी थर निघत जातो, आवाज बसका होतो, मागे-पुढे केल्याने चुण्या पडतात. या कामात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पट्टी बघूनच कळतं, कुठलं गाणं कुणाचं लाडकं होतं ते.

पहिली बाजू मी भरून दिली होती तशी होती. सहाच्या सहा गाणी स्वच्छ. दुसऱ्या बाजूची पाचही तशीच. मला वाटलं, माझ्या कानांना काही झालंय. मग पट्टी शेवटाकडे नेली. साडेचार मिनिटांचा तो शेवट पार उतरला होता. पट्टी पांढुरकी पडली होती, दोन्ही कडांना मुरडली होती. त्यातून गाणं असं येतच नव्हतं. दूर कुठेतरी ठेका लागलाय आणि मधे दारं बंद आहेत, एवढंच कळत होतं. इतकी झिजलेली पट्टी मी आयुष्यात पाहिली नव्हती. हे महिन्या-वर्षाचं काम नव्हतं. आठ वर्षं रोज, दिवसातून कितीतरी वेळा, तिने तेवढंच मागे नेऊन ऐकलं होतं.

माझ्या शिऱ्याची मला आठवण झाली.

बाहेर वाघमारे साहेब बसले होते. त्यांना सांगायचं की नाही? त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच की मुलगी शेवटी शांत होती आणि संथ गाणी ऐकत होती. मी गप्प बसून अकरा गाण्यांची प्रत करून दिली असती तर त्यांना कधी कळलं नसतं. पण मग ते रोज जे ऐकणार होते, ते तिने ऐकलेलं नव्हतं. मी पूर्वी एकदा त्यांना न विचारता त्यांच्या कॅसेटवर काहीतरी भरलं होतं. आता न विचारता काही काढून घेणं मला जमेना.

मी त्यांना आत बोलावलं. दिव्याखाली पट्टी धरून दाखवली, कुठली नवी, कुठली झिजलेली. ते सरकारी माणूस होते, कागद तपासावा तसं चष्मा वर करून त्यांनी नीट बघितलं.

“म्हणजे हेच ऐकायची?”

“हेच.”

“आणि मी सेल आणून देत होतो.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, “गॅदरिंगचा पास तिने माझ्या टेबलावर ठेवला होता. बाबा, पुढची खुर्ची आहे, म्हणाली. मी गेलो नाही. आमच्या आजोबांना गावात सणावाराला वाजवायला बोलवायचे, नाचायला लावायचे, वर दूर उभं करायचे. धर्मांतर झालं तसं वडिलांनी ते सगळं टाकलं. हलगी विहिरीत टाकली. मी शिकलो, मुलीला इंजिनिअर केलं. आणि ती स्टेजवर नाचणार. मला नाही बघवलं असतं, बाई. तिला मी सांगितलं, ऑफिसात तपासणी आहे.” थांबून त्यांनी विचारलं, “आपल्याला काही बोलली होती, त्या दिवशी घरी?”

“आठजणी होत्या म्हणाली. ती मधे होती.”

“मधे,” ते म्हणाले.

मग त्यांनी ते गाणं मागितलं. विक्रीतून उरलेली मूळ कॅसेट खोक्यात होती, ती मी लावली आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला. ते उभ्यानेच ऐकत होते, एक हात डेकवर ठेवून. चार मिनिटं दहा सेकंद. मला ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त डेकवरचे आवाजाचे काटे हलताना दिसत होते. गाणं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही. रडत होते.

“तेवढं एकच भरून द्या,” शेवटी म्हणाले. “दोन्ही बाजूंना. सीडी नको, तिचा वॉकमन आहे घरी.”

मी भरायला बसले. साठ मिनिटांची कॅसेट, साठ मिनिटं लागली. ते समोर स्टुलावर बसून राहिले. एका बाजूला सात वेळा बसलं, दुसऱ्या बाजूला सात वेळा. दोन्हीकडे शेवटी पन्नास-पन्नास सेकंद उरले. हात सवयीने खोक्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तेवढी पट्टी कोरीच ठेवून मी कॅसेट त्यांच्या हातात दिली.